घर विकायला काढलंय आणि बुकिंगही चालू आहेत: अशा वेळी एअरबीएनबीचं होस्ट अ‍ॅप किती उपयोगी पडतं

एअरबीएनबीवर, म्हणजे थोड्या दिवसांसाठी पाहुण्यांना घर भाड्याने द्यायच्या साइटवर, घर चालवणाऱ्यांचे (होस्टचे) रिव्ह्यू ढिगाने सापडतात, कमिशन किती, सपोर्ट कसा, गेस्ट कसे येतात वगैरे. पण घर विकायला काढलंय, एजंट गिऱ्हाईक घेऊन येतोय आणि त्याच घरात दर दोन-तीन दिवसांनी नवे पाहुणे उतरतायत, या मधल्या काळात हे अ‍ॅप कुठे साथ देतं आणि कुठे हात वर करतं यावर कोणी नीट लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. आम्ही आमचं सुट्टीचं घर असंच बुकिंग चालू ठेवून विकलं, त्यामुळे हा रिव्ह्यू फक्त त्याच कामापुरता आहे, ज्यांना होस्टिंग नव्याने सुरू करायचंय त्यांच्यासाठी नाही.

मत आधीच सांगते. घर चालतं ठेवायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मी वापरलेलं नाही. पण घर दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची वेळ आली की हे अ‍ॅप जवळजवळ काहीच मदत करत नाही, ते सगळं कागदावर, करारात, आपलं आपणच करावं लागतं. चालवण्याला पाचपैकी साडेचार, हस्तांतराला दीड.

आता पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की विकायचंच आहे तर बुकिंग बंद का नाही करत. साधं आहे ना, घर विकायला वेळ लागतो, किती लागेल ते कोणी सांगू शकत नाही, आणि तोपर्यंत कर्जाचा हप्ता, विमा, देखभाल, लाइटबिल काही थांबत नाही. शिवाय बंद घर लवकर खराब दिसायला लागतं, कुबट वास येतो, नळ खराब होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुट्टीचं घर घेणारे लोक दोन प्रकारचे असतात. एक स्वतः वापरायला घेणारे, त्यांना घर रिकामं हवं, तुमच्या बुकिंगशी त्यांना देणंघेणं नाही. दुसरे उत्पन्नासाठी घेणारे, आणि त्यांना चालू धंदा दिसला तरच रस वाटतो, मागचे सहा महिने कॅलेंडर कोरं असेल तर तुम्ही कितीही सांगा की आमच्याकडे गर्दी असते, ते विश्वास ठेवणार नाहीत. कोणता खरेदीदार येणार हे आधी माहीत नसतं, म्हणून दोघांनाही चालेल असं काहीतरी करावं लागतं आणि इथेच या अ‍ॅपमधली एक छोटीशी सेटिंग सोन्यासारखी निघाली.

ती म्हणजे अ‍ॅव्हेलेबिलिटी विंडो. किती पुढपर्यंतच्या तारखा गेस्टला दिसाव्यात हे आपण ठरवू शकतो, ३, ६, ९, १२ महिने असे पर्याय येतात. बहुतेक होस्ट ती वर्षावर ठेवून विसरून जातात आणि एरवी ते बरोबरच आहे. पण विकायला काढल्यावर पहिलं काम हेच करा, ३ महिन्यांवर आणा. का ते सांगते. टोकन दिल्यापासून ताबा देईपर्यंत मधे कागदपत्रांची तपासणी, खरेदीदाराचं कर्ज मंजूर होणं, करार, नोंदणी असं सगळं असतं. तुमच्या एजंटला किंवा वकिलाला विचारा की तुमच्याकडे याला साधारण किती वेळ लागतो. समजा तीन महिने लागतात. तर कॅलेंडर तीन महिन्यांइतकंच उघडं असेल तर ज्या दिवशी ऑफर मान्य केली त्या दिवशी नवीन तारखा उघडणं थांबवायचं, आणि जेवढी बुकिंग आधीच घेतलेली आहेत ती सगळी ताबा द्यायच्या आत आपोआप पूर्ण होतात. कोणाचंही बुकिंग मोडावं लागत नाही आणि खरेदीदाराला रिकामं घर मिळतं. विंडो चालत्या दिवसाबरोबर पुढे सरकत राहते, रोज हाताने तारखा ब्लॉक करत बसायची गरज नाही. तुमच्याकडे व्यवहाराला दोनच महिने लागत असतील तर मात्र ३ महिन्यांची विंडोसुद्धा जास्त होते, मग शेवटचा महिना हाताने ब्लॉक करा.

एक लक्षात ठेवा, विंडो कमी केली तरी आधी घेतलेली लांबची बुकिंग तशीच राहतात, ती रद्द होत नाहीत. त्यामुळे विकायचा नुसता विचार मनात आला तरी विंडो कमी करून टाका, निर्णय नंतर घ्या. यात तोटा आहेच, मोठ्या सुट्ट्यांची बुकिंग लोक खूप आधी करतात आणि चांगला भाव तिथेच मिळतो, ती जातात. मला विचाराल तर ती जाऊ द्यावीत. लांबच्या तारखेला एकच बुकिंग असेल आणि खरेदीदार त्याच्या आत ताबा मागत असेल तर तेवढ्या एका बुकिंगवरून व्यवहार अडतो.

आणि मग लोक काय करतात, गेस्टचं बुकिंग रद्द करतात. याबद्दल माझं मत अगदी ठाम आहे, करू नका. घर विकायचं आपण ठरवलंय, त्या माणसाने नाही, त्याने सुट्टी टाकलेली असते, तिकिटं काढलेली असतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत यायला तयार केलेलं असतं. एअरबीएनबीचे नियमही इथे कडक आहेत आणि मला ते योग्य वाटतात. होस्टने रद्द केलं तर चेक-इनला ३० दिवसांपेक्षा जास्त वेळ असेल तर बुकिंगच्या रकमेच्या १० टक्के, ३० दिवस ते ४८ तास या मधे असेल तर २५ टक्के, आणि ४८ तासांच्या आत किंवा गेस्ट येऊन राहिल्यावर असेल तर उरलेल्या रात्रींच्या ५० टक्के दंड. २०२२ पासून हे असं आहे, त्याआधी दंड बराच कमी होता. घर विकलं या कारणासाठी तो माफ होईल असं धरून चालू नका. शिवाय रद्द केलेल्या तारखा कॅलेंडरवर ब्लॉक होतात, दुसऱ्याला देता येत नाहीत. सुपरहोस्ट (चांगल्या होस्टना एअरबीएनबी देतं तो दर्जा) असाल तर तेही जाऊ शकतं, कारण त्यासाठी रद्द करण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली लागतं, म्हणजे वर्षाला शंभराच्या आत बुकिंग घेणाऱ्याने एक जरी रद्द केलं तरी आकडा वर जातो. तुम्ही म्हणाल विकतोच आहोत तर सुपरहोस्टचं काय करायचंय, पण विक्री फिसकटते हो कधीकधी, खरेदीदाराचं कर्ज नामंजूर होतं, आणि मग तुम्हाला तेच घर तसंच पुढे चालवायचं असतं.

आता घर दाखवण्याचं. इथे अ‍ॅपपेक्षा माणसांचा प्रश्न जास्त आहे. गेस्टने त्या दिवसांपुरतं घर घेतलेलं असतं, ते त्याचं घर आहे, तो आत असताना कोणीही, अगदी तुम्हीसुद्धा, न विचारता जायचं नाही. आमच्या एका एजंटला हे पटत नव्हतं, पाच मिनिटांचं तर काम आहे म्हणायचा आणि एकदा तो खरंच गेस्ट नाश्ता करत असताना गिऱ्हाईक घेऊन दारात उभा राहिला. त्या गेस्टने शांतपणे दार लावून घेतलं आणि आम्हाला मेसेज केला, आम्ही त्याच दिवशी एजंटकडची किल्ली काढून घेतली. तेव्हापासून नियम एकच, घर दाखवायचं ते फक्त दोन बुकिंगच्या मधल्या वेळात.

आणि तो मधला वेळ बनवायला प्रिपरेशन टाइम नावाची सेटिंग आहे. प्रत्येक बुकिंगच्या आधी आणि नंतर १ किंवा २ रात्री आपोआप ब्लॉक होतात. एरवी ही सेटिंग सफाईसाठी वापरतात. विक्रीच्या काळात १ रात्र ठेवली तरी मोठा फरक पडतो, कारण एकाच दिवशी एक गेस्ट अकराला जाणार आणि दुसरा तीनला येणार, त्यात सफाईवाले आणि गिऱ्हाईक दोघेही एकाच वेळी घरात, असा गोंधळ होत नाही. मोकळा दिवस मिळतो, घर स्वच्छ असतं, चादरी नव्या असतात, खिडक्या उघड्या असतात. दाखवायला याहून चांगलं घर नाही. काही रात्री बुडतात हे खरं. बुडू देत.

एजंटला को-होस्ट (अकाउंटवर आपल्या जोडीला काम बघणारा) म्हणून जोडायची कल्पना मला खूप आवडली. को-होस्टला तीन प्रकारे परवानगी देता येते, सगळं, कॅलेंडर आणि मेसेज, किंवा फक्त कॅलेंडर. एजंटला फक्त कॅलेंडर द्या. कधी घर भरलेलं आहे आणि कधी मोकळं ते त्याला स्वतःला दिसतं, रोज फोन करून उद्या चालेल का परवा चालेल का हे विचारणं बंद होतं, आणि गेस्टचे मेसेज वाचायची किंवा काही बदलायची वाट त्याला राहत नाही. व्यवहार झाला किंवा एजंट बदलला की लगेच काढून टाका.

इन्स्टंट बुक (आपल्याला न विचारता लगेच बुकिंग पक्कं होणं) चालू ठेवायचं की बंद यावर होस्टमध्ये दोन मतं आहेत. बंद केलं की प्रत्येक बुकिंगची आधी रिक्वेस्ट येते आणि उत्तर द्यायला २४ तास मिळतात. मला विक्रीच्या काळात हे बरं वाटतं, कारण त्या २४ तासांत गेस्टला आधीच सांगता येतं की घर विक्रीला आहे, तुमच्या मुक्कामात कोणीही बघायला येणार नाही, बाहेर बोर्ड दिसला तर गोंधळू नका. लपवलं की बोर्ड बघून लोकांना शंका येते आणि मग रिव्ह्यूमध्ये तेच उतरतं. सांगितलं की बहुतेक जण म्हणतात ठीक आहे, काहीजण तर उलट विचारतात की किती मोठी जागा आहे. ज्यांची बुकिंग आधीच झालेली आहेत त्यांना शेड्युल्ड मेसेजने चेक-इनच्या थोडं आधी हेच कळवायचं, एकदा लिहून ठेवलं की आपोआप जातं.

याच्या जोडीला अजून एक, आणि हे मी सगळ्या विकणाऱ्यांना सांगते. गंभीर खरेदीदाराला म्हणा की दोन रात्री नेहमीसारखं बुकिंग करून राहून बघा. दिवसा वीस मिनिटांत घर कळत नाही, रात्री रस्त्याचा आवाज किती येतो, सकाळी पाण्याला जोर आहे का, शेजारी कसे आहेत, हे राहिल्यावरच कळतं. ज्याला खरंच घ्यायचंय तो येतो, नुसता बघायला आलेला गळतो. विकणाऱ्यासाठी इतकी चांगली चाळणी दुसरी नाही, आणि चालू बुकिंगचं घर असल्यामुळेच ती वापरता येते.

एकापेक्षा जास्त साइटवर घर असेल तर मात्र डोकं थंड ठेवावं लागतं. एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम, व्हर्बो यांची कॅलेंडर आयकॅलच्या लिंकने (एका कॅलेंडरमधल्या तारखा दुसऱ्याला कळवणारी लिंक) जोडता येतात, पण ती त्या क्षणी अपडेट होत नाहीत, मधे काही तास जाऊ शकतात, आणि आयकॅलमधून फक्त तारीख भरली आहे एवढंच जातं. त्या मधल्या वेळात दोन्हीकडे एकच तारीख गेली तर कोणालातरी नाही म्हणावं लागतं. बुकिंग डॉट कॉमवर तर ओव्हरबुकिंग झालं की गेस्टसाठी तितकीच चांगली दुसरी जागा शोधणं हे घरमालकावर येतं. विक्रीच्या काळात घर दाखवण्यासाठी तुम्ही सारख्या तारखा ब्लॉक करणार, उघडणार, परत ब्लॉक करणार, त्यामुळे ही भीती नेहमीपेक्षा जास्त. एकतर चॅनल मॅनेजर (सगळ्या साइटची कॅलेंडर एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरा किंवा सरळ एकाच साइटवर या. आम्ही एकाच साइटवर आलो आणि जीव शांत झाला.

मुक्काम जास्तीत जास्त किती रात्रींचा हेही आत्ताच ठरवून टाका. एरवी महिनाभराचा गेस्ट म्हणजे कमी सफाई, कमी कटकट, सगळ्यांना आवडतो. पण बऱ्याच ठिकाणच्या कायद्यात माणूस ठराविक काळापेक्षा जास्त राहिला की त्याला भाडेकरूसारखे हक्क मिळायला लागतात, आणि त्याने घर सोडलं नाही तर तुम्ही खरेदीदाराला काय रिकामा ताबा देणार? कमाल मर्यादा सेटिंगमध्ये टाकता येते. दोन आठवड्यांच्या वर मी तरी जाऊ दिलं नसतं.

खरेदीदाराला उत्पन्न दाखवायची वेळ येते तेव्हा अर्निंग्जचा भाग उत्तम आहे. मागच्या बुकिंगचे झालेले पेमेंट, पुढचे अपेक्षित, सगळं सीएसव्ही फाइलमध्ये डाउनलोड होतं, महिन्याप्रमाणे लावता येतं. पण त्यातला आकडा खरेदीदारासमोर तसाच ठेवू नका, तो फक्त साइटने दिलेला पैसा आहे. त्यातून सफाई, धुलाई, लाइटबिल, दुरुस्ती, माणसाचा पगार, विमा, कर वजा करून खाली काय उरतं ते लिहून द्या, बिलांसकट. बाहेर थेट घेतलेली बुकिंग असतील तर ती वेगळी दाखवा. चांगला खरेदीदार हेच मागतो, आणि गेल्या दोन वर्षांचा हिशोब टेबलावर असला की किमतीची घासाघीस बरीच कमी होते हे मी बघितलंय.

आता दीड स्टार का ते. लिस्टिंग, म्हणजे साइटवरचं घराचं पान, दुसऱ्याच्या अकाउंटला देता येत नाही. रिव्ह्यूही जात नाहीत. इतकी वर्षं घासून मिळवलेले ते सगळे तारे तुमच्या अकाउंटवर राहतात आणि नव्या मालकाला त्याच घराची कोरी लिस्टिंग उघडून शून्यापासून सुरू करावं लागतं. साइटची बाजू समजते, रिव्ह्यू होस्टच्या वागण्याचेही असतात, मालक बदलला की तेच मार्क त्याला कसे द्यायचे. पण घराच्या जागेबद्दल, बेडबद्दल, समोरच्या दृश्याबद्दल लोकांनी जे लिहिलं ते तरी घराबरोबर जायला हवं होतं, मालक बदलल्याची ठळक खूण करून का होईना. हे कधीतरी व्हावं अशी मनापासून इच्छा आहे. तोपर्यंत विकणाऱ्याने रिव्ह्यूंची किंमत घराच्या किमतीत धरू नये आणि घेणाऱ्याने ती देऊ नये. अकाउंटचा पासवर्डच देऊन टाकतो असं काही लोक म्हणतात, ते अजिबात करू नका, अकाउंट तुमच्या नावाचं, ओळखपत्र तुमचं, बँक तुमची, कर तुमच्या नावावर लागणार आणि उद्या काही झालं तर जबाबदारही तुम्हीच.

ताबा दिल्यानंतरच्या तारखांची बुकिंग असतीलच तर ती नव्या मालकाकडे हलवायचं बटण नाही. मग मार्ग उरतो तो असा की खरेदीदार तयार असेल तर ती बुकिंग जुन्याच लिस्टिंगवर पूर्ण करायची, खरेदीदार को-होस्ट होतो, आणि पैसे कसे द्यायचे ते करारात लिहायचं. पेमेंट गेस्टच्या चेक-इननंतर साधारण २४ तासांनी सुटतं, म्हणजे ताब्याच्या आधी झालेल्या बुकिंगचे पैसे ताब्यानंतर तुमच्या खात्यात येऊ शकतात, त्यामुळे तारखेची रेघ स्पष्ट ओढा, अमुक रात्रीपर्यंतचं भाडं विकणाऱ्याचं, पुढचं घेणाऱ्याचं. थेट बुकिंगचा अ‍ॅडव्हान्स तुमच्याकडे असेल तर तो हिशोबात वळता करा. आणि विमा. ताबा गेला त्या दिवसापासून घराचा विमा नव्या मालकाच्या नावाने आणि पाहुणे ठेवण्याच्या वापरासकट हवा, तो नसेल तर एकही गेस्ट घरात जाऊ देऊ नका. माझ्या मते हे सगळं करण्यापेक्षा विंडो आखूड ठेवून ही वेळच येऊ न देणं शंभरपटीने सोपं आहे.

परवान्याचाही प्रश्न वेगळाच आहे आणि त्यात अ‍ॅप काही सांगत नाही. खूप ठिकाणी कमी मुदतीने घर द्यायला परवाना किंवा नोंदणी लागते आणि ती घराला नसून माणसाला दिलेली असते, मालक बदलला की संपली. नियम बदलतातही. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीशिवाय अशी बुकिंग साइटना घेता येत नाहीत, बार्सिलोनाने तर २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे परवाने बंद करायचं जाहीर केलंय. उत्पन्न बघून घर घेणाऱ्याला हे उत्पन्न पुढे मिळणार आहे की नाही हे स्थानिक ऑफिसमध्ये विचारूनच कळतं, आणि विकणाऱ्याने ते आधीच विचारून कागद हातात ठेवला तर व्यवहार शेवटच्या टप्प्यावर येऊन मोडत नाही.

शेवटचा गेस्ट गेला की स्मार्ट लॉकचे कोड बदला, एजंट, सफाईवाले, जुने गेस्ट सगळ्यांचे. चादरी, भांडी, फर्निचर यातलं काय घराबरोबर जाणार याची यादी फोटोंसकट आधीच झालेली असू दे. आणि लिस्टिंग डिलीट करायची घाई करू नका, आधी फक्त अनलिस्ट करा, म्हणजे साइटवर शोधणाऱ्यांना दिसणार नाही असं करा. चेक-आउटनंतर १४ दिवस गेस्टला रिव्ह्यू लिहिता येतो, एखादं पेमेंट किंवा नुकसानीचा क्लेम बाकी असू शकतो, आणि कर भरायच्या वेळी वर्षाची स्टेटमेंट लागणारच आहेत. ती सगळी डाउनलोड झाली, खात्यात शेवटचे पैसे आले, मग काढून टाका.